बारकूच्या पोराला पाप मिळेना

बारकूकडून कुणी करवंदं घेतली की वर साक्ष फुकट मिळायची, येशूनं आपल्याला कसं सोडवलं त्याची. मोळी घेतली तरी साक्ष, शेवळांची भाजी घेतली तरी साक्ष. आणि नुसतं "कशी दिली" विचारून कुणी पुढं सटकला, तर बारकू टोपलीसकट त्याच्या मागनं जायचा आणि साक्ष देऊनच परतायचा.

खरवईच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. बारकू तिथला. अंगानं काटकुळा, आवाज मात्र दोन माणसांचा. पावसात भात लावायचा, बाकीच्या दिवसांत रान जे देईल ते टोपलीत घालून बाजार धरायचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींमधे सिंधी लोक येऊन राहिले, पुढं त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं, आणि बारकूच्या टोपलीला गिऱ्हाईक मिळालं तसं त्याच्या साक्षीलाही मिळालं. वाडीत ती सगळ्यांना पाठ झालेली. आमच्या शेळ्यासुद्धा त्याचा आवाज चढला की उठून जायच्या. कॅम्पात मात्र नवे कान होते.

"अम्मा, हम पैले बहोत पीता था," बराकीच्या दारात टोपली उतरवता उतरवताच तो सुरू करायचा.

"वरी साईं, तू पीता था तो मैं क्या करूँ," आतली सिंधीण म्हणायची. "भाजी ताजी है क्या वो बोल."

"भाजी ताजी है अम्मा. बासी तो हम था."

बाई हसायची आणि फसायची. मग कंटोळी निवडता निवडता ऐकायची, आणि बारकू कड्यावरून पडतो तिथं आला की हातातलं कंटोळं तसंच धरून विचारायची, "फिर टाँग का क्या हुआ?"

टांगेचं असं झालं होतं. पोरगा पदू दोन वर्षांचा असताना बारकू मोहाची ढोसून बांबू तोडायला गेला आणि खाली आला. पाय मोडून दगडांत पडला. त्या वाटेनं सायकलीवर पुस्तकं बांधून एक ख्रिस्ती पाळक चालले होते, नगरकडचे. त्यांनी त्याला बैलगाडीत घातलं, कल्याणला नेलं, पाय बांधून होईपर्यंत उशाशी बसले आणि बापाला सोडून गेलेल्या, डुकरांत राहिलेल्या आणि तरी बापानं परत घरात घेतलेल्या पोराची गोष्ट सांगितली, येशूनं सांगितलेली. बारकू म्हणायचा, "तो पोरगा मीच व्हतो. डुकरं तेवडी नवती." पाय सांधला तसा तो पावसाच्या तोंडाला उल्हास नदीत उतरला, बाप्तिस्मा घेतला, आणि साक्षीचं शेवटचं वाक्य मग ठरलेलं: "पान्यातनं वर आलो आन दारू थितंच सोडली. त्या दिसापास्नं एक थेंब नाय." हे म्हणताना तो हात असा झटकायचा की समोरच्याच्या तोंडावर पाणी उडाल्यासारखं वाटावं.

यात खोटं काहीच नव्हतं. थेंब त्यानं खरंच घेतला नाही.

त्याची ख्रिस्ती मंडळी अंबरनाथला. काडेपेटीच्या कारखान्यात कामाला आलेली नगरकडची दहाबारा घरं, चाळीतल्या एका खोलीत रविवारी जमायची. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मधे ढोलकी. पाळक कधीमधी यायचे. एरवी सगळा कारभार मंडळीनं नेमलेले वडील, शरदचंद्र मास्तर, बघायचे. मास्तर म्हणजे कारखान्यात फोरमन, पण पूर्वी शाळेवर होते, ती सवय गेली नव्हती. त्या मंडळीत रीत अशी होती की ईस्टरला जो पहिल्यांदा प्रभुभोजनाला, येशूच्या नावानं भाकर-द्राक्षरस घ्यायच्या पंगतीला, बसणार, त्यानं आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या, सगळ्यांसमोर उभं राहून आपली साक्ष द्यायची. साक्षीचे तीन भाग मास्तरांनी पाडून दिलेले. आधी मी कसा होतो. मग काय झालं. आता कसा आहे.

त्यातला 'आधी' हा लोकांचा आवडता. गोदूबाई नावाची एक विधवा होती, तिच्या अंगात यायचं. येशूनं ते काढलं ते काढलं, पण साक्ष देताना अंगात कसं यायचं ते दाखवायला लागली की बाया सरकून जागा करून द्यायच्या आणि ढोलकीवाला नकळत ताल धरायचा. एकानं भावाचं डोकं फोडलेलं. एकजण जुगारात बायकोची भांडी हरलेला. घरी जाताना लोक साक्षींची अशी तुलना करायचे जशी जत्रेतल्या कुस्त्यांची करतात. बारकूचा नंबर त्यात वरचा होता.

अडचण पुढच्या पिढीला आली. आणि पहिली आली ती बारकूच्याच घरी.

वाडीत येशूला मानणारं बारकूचं एकच घर. थोरला भाऊ देऊ चांगला माणूस, पण तोंडानं तिखट. बारकूला बघितलं की म्हणायचा, "तुजा देव तुज्या वयाचा हाय रं बारक्या. तू मेला का त्यो पन चालला. पोरगं काय धरनार नाय. त्यानं पायलंय काय?"

बारकू देऊचं एरवी काहीच मनावर घ्यायचा नाही, पण हे त्याला लागायचं. कारण त्याला रात्रंदिवस तीच धास्ती होती. आपण एवढं ओरडून जगाला सांगतो आणि घरातला एकुलता एक गप ऐकतो. त्याच्या पोटात काही शिरलंय का, की भिंतीवर पाणी मारल्यासारखं सगळं खाली वाहून गेलं? पदूनं मंडळीत उभं राहून साक्ष दिली की मग काळजी मिटली, असं त्यानं ठरवून टाकलेलं. पंचावन्न सालचा ईस्टर त्यानं त्यासाठी धरला.

पदू तेव्हा अठराचा. बदलापूर गावात सातवीपर्यंत शिकलेला, कारखान्यात पेट्या भरायच्या खात्यात लागलेला. सरळ पोरगा. इतका सरळ की त्याच्याबद्दल बोलायला दोन वाक्यं पुरायची. तोही कबूल होता. त्याला बसायचंच होतं त्या पंगतीत. पण साक्ष तयार करायला बसला आणि 'आधी'पाशीच अडला.

"बा, माझ्याकडं आधी नायच," तो म्हणाला.

बारकू चुलीपाशी टोपली विणत होता. बायको भिकी भाकऱ्या थापत होती. "आसंल कायतरी," बारकू म्हणाला. "चोरी केलीस कवा?"

"नाय."

"आंबा तरी?"

"देऊकाकाच्या झाडाचा खाल्ला. पन त्यानंच दिलता."

"खोटं बोललास?"

पदूनं विचार केला. "एकदा. जंगलखात्याच्या शिपायाला सांगितलं का बा घरात नाय. तूच माळ्यावर बसून सांगायला लावलंस."

"ते सोड," बारकू म्हणाला. "मारामारी?"

"मना मारलं दोघांनी. मी नाय मारलं."

"मनात तरी मारलं आसशील."

"नाय रं बा. मना झोप आली व्हती."

भिकी धुराकडं तोंड करून हसली. बारकूनं टोपली खाली ठेवली. "भिके, पोरगं कसलं जन्माला घातलंस? ह्याला येशू सोडवनार तरी कशातनं?"

"माज्याकडं काय बगता," भिकी म्हणाली. "भाकर खावा."

पदूनं मास्तरांना विचारलं. मास्तर मनाचे चांगले, पण पद्धतीचे पक्के. म्हणाले, "असं नसतं बाळा. प्रत्येकाला 'आधी' असतो. नीट शोध. 'आधी' कच्चा राहिला की 'मग'ला उठाव येत नाही." गोदूबाईनं तर कीव केली. "लवकर आलास रे लेकरा तू. थोडं बिघडून यायला पाहिजे होतं."

ती हे हसत बोलली. पदूनं ते खरं धरलं. त्याचा हिशेब सरळ होता: पाप नाही म्हणून साक्ष नाही, साक्ष नाही म्हणून बापाचं तोंड उतरलेलं. मग एक पाप करून टाकावं, लगेच पस्तावा करावा, आणि रविवारी मोकळं व्हावं. कुठलं, यावरही त्यानं फार डोकं चालवलं नाही. जुगार येत नव्हता. दारूला शिकावं लागत नाही, आणि घराण्यात होती.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारची सुट्टी झाल्यावर तो आईला मोळीला जातो म्हणून सांगून निघाला आणि ओहळाच्या घळीत जनूच्या भट्टीवर उतरला.

जनूची भट्टी जुनी. दारूबंदी आली तशी ती आणखी दोन जांभळींच्या आड सरकली, एवढाच फरक. वाट उभी, दगडगोट्यांची. खाली मडकी, पिंप, आणि आंबलेल्या मोहाचा वास. तो वास नाकात शिरला आणि पदू जरा थांबला. आपण इथं कधी आलो नाही, मग हा ओळखीचा कसा, असं त्याला वाटलं.

"कोन हाय?" जनू काठी घेऊन पुढं आला. म्हातारा झालेला, डोळ्यांत धूर साचलेला.

"मी. बारकूचा पदू."

जनूनं काठी खाली केली, पण तोंड वाकडं केलं. "बापानं धाडला का? मना साक्ष नको. मी बाजारात ऐकलीय. उभ्यानं ऐकलीय, पाय दुखले."

"नाय. मना प्यायला पायजे."

जनूनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "का रं? पोरगी नाय म्हनली?"

"नाय. मना पाप पायजे," पदू म्हणाला, आणि खाली दगडावर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं. आधी, मग, आता. मास्तर काय म्हणाले, गोदूबाई काय म्हणाली.

जनू हसला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता तो मडक्याला टेकला, आणि तसंच ग्लास भरून त्यानं पदूच्या हातात दिला. "घे. आजपावेतो लोकं मना सांगून गेली का दुख इसरायला पितो, थंडीला पितो, पाय दुखतात म्हनून पितो. देवळात सांगायला पितो म्हनारा तू पयला."

पदूनं ग्लास नाकाशी नेला.

"पन एक सांग," जनू म्हणाला. "तुजा बा काय सांगतो, पान्यातनं वर आला आन सुटली?"

"व्हय."

"मंग माजं नाव नाय घेत?"

"तुजं कशाला घेईल?"

जनूला ते आवडलं नाही. तो समोर बसला. "आयक. नदीतनं आला त्याच्या दुसऱ्या दिशी दिवस कलायच्या आत तुजा बा हितं हजर. ह्याच दगडावर. म्हनला, 'जनू, मन वर ऱ्हायलं, पाय आले.' मी म्हनलो, पायांना पन पाजू. आन भरला ग्लास. माजा धंदा हाय. तितक्यात वरून तुजी आय आली. मी म्हनलो आता ही बोंबलनार. नाय बोंबलली. कडेवर तू व्हतास. तुना उचलला आन बारक्याच्या मानेवर बसवला. म्हनली, 'जायचं तं रोज जा. पोर घेऊन जा आन पोर घेऊन वर ये.' आन गेली निघून."

"मंग?"

"मंग काय. ही वाट पावसात बग. आन त्याचा पाय नवाच सांदलेला. दोन घोट घेतले आसते तं तू आन तो दोघं पन ओहळात. त्यानं ग्लासाकडं बगावं, तू वर त्याचे केस धरून बसलेला. 'बा, घर. बा, घर.' मी तुना फणसाच्या भाजलेल्या आठळ्या द्यायचो का गप बसशील, त्याला पिऊ देशील. तू आठळ्या खायाचास आन परत 'बा, घर.' मंग तो उठायचा. घामानं भिजलेला. दगड धरत धरत वर. रोज. पुरा पाऊस. मी म्हनायचो आज पितो, उद्या पितो. भात पिवळं पडलं तवा यायचा बंद झाला."

पदूनं बसल्या दगडावरनं हात फिरवला.

"हे मी पायलंय," जनू म्हणाला. "नदीवर काय झालं ते मना म्हाईत नाय, मी नवतो. मी काय तुमच्यात येनार पन नाय, ह्या धंद्यात देव परवडत नाय. पन मानूस सोडतो कसा, ते म्या ह्या दगडावर बगितलं. आता पितोस का बसून ऱ्हातोस?"

पदूनं ग्लास खाली ठेवला. जनूनं तो उचलला, "वतलीच हाय तं," म्हणाला आणि स्वतः पिऊन टाकला. पदू डोळे मिटून क्षणभर दगडावर बसला आणि मग वर निघाला. उन्हाळ्यात, कोरड्या वाटेनं, धडधाकट पायांनी चढतानाही त्याला दोनदा हात टेकावे लागले.

दुसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात झावळ्या बांधलेल्या. बारकू पुढं बसलेला, धुतलेला सदरा घालून, आणि पोराचं अडलं तर सांगता यावं म्हणून ओठ आधीच हलत होते.

पदू उभा राहिला. "मी दारू प्यालो नाही," तो म्हणाला. "चोरी केली नाही. कुणाला मारलं नाही. साक्षीला पाप पाहिजे म्हणून मी काल जनूच्या भट्टीवर गेलो."

बारकूचे ओठ थांबले. बायांच्या बाजूला कुणीतरी "अगं बाई" केलं. गोदूबाईला आपलं बोलणं आठवलं असावं, तिनं पदर पुढं ओढला.

पदूनं मग जनूनं सांगितलेलं सगळं सांगितलं, काही न गाळता. दगड, ग्लास, मानेवरचं पोर, आठळ्या. इतक्या वर्षांत ज्या बारकूनं एका झटक्यात पाण्यात दारू सोडली होती, तो बाप्तिस्म्यानंतर पावसाळाभर रोज भट्टीवर जात होता, हे सगळ्या मंडळीनं त्याच्या पोराच्या तोंडून ऐकलं. बारकू सतरंजीची दशी ओढत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

शरदचंद्र मास्तरांनी चष्मा काढला. "बारकू, हे खरं?"

"मी थेंब घेतला नाय," बारकू म्हणाला.

"ते विचारलं नाही. जात होतास?"

बारकूनं दशी सोडली. जन्मात पहिल्यांदा साक्षीच्या वेळी त्याला शब्द फुटेना. तेव्हा बायांच्या बाजूनं आवाज आला, "जायाचा. मी धाडायची."

भिकी उभी होती. तिनं त्या खोलीत आजवर भजनाशिवाय तोंड उघडलं नव्हतं. कुणी साक्ष विचारली तर म्हणायची, एका घरात एक बास हाय.

"मना तवा देवाचं काय कळत नवतं," ती म्हणाली. "येवडं कळत व्हतं का ह्याला कोंडला तं हा भिंत फोडून जाईल. एकला गेला तं पील. पोर घेऊन गेला तं पोराच्या जिवाला भ्येईल. मंग मी वाटेच्या वर झाडाखाली उभी ऱ्हायाची. पाऊस डोक्यावर. म्हनायची, ह्याचा देव कोन आसशील तो, तू ह्याला पान्यातनं वर काडलास म्हनं, आता ह्या घळीतनं पन काड. रोज काडायचा. मंग मी पन त्याला मानाया लागली." ती बसली. मग परत अर्धी उठून म्हणाली, "पोरगं पडलं नाय येकदा पन." आणि बसली.

गोदूबाई शेजारणीला म्हणाली, "ही मुकी म्हणून बसली होती इतकी वर्षं."

मास्तरांनी चष्मा पुसून परत घातला. मास्तर ते मास्तरच. म्हणाले, "पदू, ही तुझ्या वडलांची साक्ष झाली. आईचीही झाली. तुझी कुठं आहे?"

खोलीत सगळे पदूकडं बघू लागले. बारकूनंही मान वर केली. अपमान गिळून झाला होता, आता त्याच्या तोंडावर नुसती भीती होती. पोरगा इथं अडला तर देऊचं खरं ठरणार होतं.

पदू मास्तरांकडं वळला. "मास्तर, तुम्ही सगळे आपल्या पायांनी आलात," तो म्हणाला. "मला खांद्यावर घालून आणलं. म्हणून मला वाटायचं की ह्यात माझं स्वतःचं काय नाही, बापाचं ते माझं, बास. काल माझ्या हातात ग्लास होता. माझ्या मानेवर कुणी नव्हतं. जनू सोडला तर मी एकटा होतो, आणि घरी कुणाला कळलं पण नसतं. तिथं मला बा दिसला. आणि कुणीतरी त्याला रोज वर नेत होतं ते पण दिसलं, कारण आमच्या बाच्यात तेवढी ताकद नाही, मला माहीत आहे तो. मी त्या दगडावर बसून देवाला म्हणालो, मला तू पाहिजेस. बाचा म्हणून नाही. मला पाहिजेस." तो थांबला. "आधी आणि मग मला पाडता येत नाही मास्तर. आता एवढंच आहे."

मास्तरांनी पुढं बसलेल्या मंडळीच्या पंचांकडं पाहिलं. पंचांनी एकमेकांकडं. ढोलकीवाला म्हणाला, "आणखी काय पाहिजे पोरानं?"

"पुढच्या रविवारी प्रभूच्या टेबलाला ये," मास्तर म्हणाले. "आणि भट्टीवर परत जाऊ नकोस."

"जनूला भेटायला जाणार," पदू म्हणाला. "त्याचं नाव साक्षीत घेतलं ते सांगायला पाहिजे."

परतताना तिघं पालेगावच्या शेतांतून वाट कापत निघाले. ऊन डोक्यावर. भिकी डोक्यावर पदर घेऊन पुढं, मागं बारकू, त्याच्या मागं पदू. बराच वेळ बारकू बोलला नाही, आणि बारकू बोलत नाही म्हणजे रानातली पाखरंही बावरतात.

शेवटी म्हणाला, "मंडळीसमोर बापाची काडलीस."

"तूच म्हनलास खरं बोल."

"खरं बोल म्हनलो. सगळं बोल म्हनलो का? आता कॅम्पात काय सांगू? ती सिंधीण इचारल, दारू कवा सुटली, तं काय सांगू, भात पिवळं पडलं तवा?"

"तसंच सांग. तिला जास्ती आवडंल."

"लांबन लागंल. तवर भाजी सुकंल."

"मंग लवकर सुरू करत जा."

बारकू फणकारला. थोडं चालून झाल्यावर त्यानं मागं न बघताच विचारलं, "आन मी गेल्यावर?"

"गेल्यावर मी सांगीन की."

"माजीच सांगशील? पान्यापास्नं?"

"तुजी सांगीन. आयची सांगीन. पन पान्यापास्नं नाय, भट्टीपास्नं. माज्या पद्दतीनं."

"पद्दत बदलू नको."

"बदलनार, बा."

बारकू उभा राहिला. पोराकडं वळून त्यानं हात वर केला, आता तो दोन माणसांच्या आवाजात काहीतरी सुनावणार असं वाटलं. पण त्यानं नुसता गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि म्हणाला, "मंग त्यात एक घाल. आठळ्या जनू द्यायाचा, पन सोलायचो मी."

आणि तो लंगडत लंगडत, पण भिकीला मागं टाकून, वाडीच्या वाटेला लागला. देऊला सांगायची घाई झाली होती.